सुटली म्हणे

आईला जाऊन सहा दिवस झाले, आणि ‘सुटल्या बिचाऱ्या’ हे कितव्यांदा ऐकलं याची गणती प्रियदर्शनीने सोडून दिली.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला तिच्या भावाचं, भारतचं, ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. घरापुढे पत्र्याच्या शेडखाली दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. भेटायला येणारा माणूस चपला काढायचा, तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, समोर बसायचा, थोडा वेळ सतरंजीच्या रेघा बघायचा आणि लांब श्वास सोडून म्हणायचा, “सुटल्या बघा.” मग शेजारचा म्हणायचा, “हाल हाल झाले.” तिसरा म्हणायचा, “आपल्या हातात काय हाय?” एवढं झालं की पाणी यायचं, आणि पाणी पिऊन झालं की बोलणं मोसंबीच्या बहारावर जायचं. दहा मिनिटांत माणूस मोकळा. उठताना शेडच्या खांबाला हात टेकून पुन्हा एकदा, “सुटल्या.”

प्रियदर्शनी जालन्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकोणीस वर्षं मराठी शिकवत होती. पोरांच्या निबंधात ‘काळाची गरज’ दिसली की ती लाल पेनने तिच्याभोवती गोल करायची. ‘अनन्यसाधारण महत्त्व’ दिसलं की समासात लिहायची, ‘म्हणजे नक्की काय?’ पोरं तिला मागून ‘गोल मॅडम’ म्हणतात हेही तिला ठाऊक होतं. इथे मात्र पेनचा उपयोग नव्हता. दुःखाला आलेल्या माणसाभोवती गोल काढता येत नाही, एवढं तिलाही कळत होतं. म्हणून ती सहा दिवस गप्प राहिली.

सहाव्या दिवशी दुपारी दुर्गाबाई आल्या. दुर्गाबाई म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण, टेंभुर्णीच्या. मातीला येऊन गेल्या होत्या. आता तेरवीपर्यंत राहायच्या बेताने पिशवी घेऊन आल्या. गुडघे धरून सतरंजीवर बसल्या, भावाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “रखमाजी, सोनं झालं बघ तिचं. हिरव्या चुड्यात गेली, तुझ्या आधी गेली. अन् त्या मशीनच्या कचाट्यातून सुटली बिचारी.”

“आत्याबाई,” प्रियदर्शनी म्हणाली, “आईचं सोनं झालं, मग मागं राहिले ते अण्णा काय पितळ?”

बसलेल्यांपैकी एकाने हसू मिशीत दाबलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. चहाचा ट्रे घेऊन आलेली भारतची बायको शीतल उंबऱ्यातच थांबली.

“आता गं बया,” दुर्गाबाई म्हणाल्या. “असं म्हणत्यात म्हणून म्हणलं. माझ्या पदरचं हाय का त्यात काही?”

“तेच तर म्हणते मी. तुमच्या पदरचं काही असलं तर बोला.”

“मंग काय म्हणावं माय? तूच सांग. हे असले गुडघे घेऊन, दोन गाड्या बदलून आले मी. इथं येऊन मुक्यानं बसू?”

“बसा ना मुक्यानं.”

“अन् लोकं म्हणतील, नणद आली अन् तोंडातून शब्द निघाला न्हाई.”

 प्रियदर्शनी उठून आत गेली. तिच्या मागोमाग भारत स्वयंपाकघरात आला. त्याचा आवाज खालचा होता, पण राग खालचा नव्हता.

“ताई, ही शाळा न्हाई. लोकं आपल्यासाठी येऊन राह्यलेत. कुणी दुकान बंद करून, कुणी रानातलं पाणी तसंच सोडून. तू त्यांचे शब्द काय तपासून राह्यली?”

“ते काय बोलतात ते त्यांना ऐकू येतं का, एवढंच बघते.”

“न्हाई येत. अन् नसू दे. आले हेच लई झालं.”

भारतचं बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. पण ‘सुटणं’ म्हणजे काय हे तिला माहीत होतं तसं भारतला माहीत नव्हतं.

चार वर्षं आई, द्वारकाबाई, दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जालन्याला लेकीकडे मुक्कामाला यायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात ते अकरा डायलिसिस, मग दुपारच्या एसटीने परत. वॉर्डात बारा खाटा आणि बारा मशीन. तिथे मशीन ‘लागायचं’ आणि मशीनवरून माणूस ‘सुटायचा’. अकरा वाजत आले की खाटेवरून खाटेवर हाका सुरू व्हायच्या.

“द्वारकाबाई, सुटल्या का?”

“सुटले. तुमचं किती राह्यलं?”

“वीस मिनिटं.”

“मंग मी चहा सांगून ठेवते. जल्दी या, न्हाई तर तुमचाबी मीच पिते.”

शाळा सुटल्यावर पोरी दप्तरं आवरतात तशा त्या बायका चादरींच्या घड्या घालायच्या. सुटायचं ते घरी जायला. सुटायचं ते शुक्रवारी पुन्हा यायला. मेलेल्या माणसाला त्या वॉर्डात कुणी ‘सुटली’ म्हणत नसे. एखादी खाट रिकामी दिसली तर बायका एकमेकींना ‘आज आली नाही का?’ एवढं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता भलतंच काही बोलायला लागायच्या.

अण्णांनी हा वॉर्ड एकदाही पाहिला नव्हता. रक्त पाहिलं की त्यांना घेरी येते, असं ते म्हणत. त्यांच्या वाट्याला आली ती उरलेली अर्धी गोष्ट: एसटीच्या धक्क्यांनी शिणून उतरलेली द्वारका, संध्याकाळी न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलेली द्वारका. भेटायला येणाऱ्यांनीही तेवढीच पाहिली होती. म्हणून ‘हाल’. म्हणून ‘सुटली’.

आणि शब्द झिजून गुळगुळीत झाला एवढ्याचाच राग असता, तर प्रियदर्शनीने तो तेरवीपर्यंत गिळला असता. तिचा जीव घाबरा व्हायचा तो दुसऱ्याच गोष्टीने. सतरंजीच्या मधोमध बसून अण्णा हा शब्द सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकत होते.

आई जायच्या महिनाभर आधी अण्णांच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. बावीस वर्षांच्या साखरेने त्यांचीही मूत्रपिंडं पोखरली होती. दोन-तीन महिन्यांत यांनाही मशीन लावावं लागेल, डॉक्टर म्हणाले. त्याआधी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन करून घ्यायचं, म्हणजे सुई टोचायला जागा तयार होते. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ते ऐकून द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “बरं झालं, मला सोबत झाली. पण खिडकीची खाट माझी हाय, ती मी देणार न्हाई.” सगळे हसले होते. अण्णाही.

ती तारीख आता तेरवीनंतरच्या शुक्रवारी येत होती.

आठव्या दिवशी सकाळी, अजून कुणी आलेलं नसताना, अण्णा दाढी करत होते. आरशातून नजर न काढता म्हणाले, “त्या शुक्रवारचं नको म्हणून डॉक्टरला कळव.”

“का?”

“का म्हंजे? ती सुटली. आता मलाबी सुटू दे.”

प्रियदर्शनीला वाटलं, आठ दिवस शंभर माणसांनी येऊन एक-एक थेंब टाकला आणि आता भांडं भरलं.

“अण्णा, आई सुटली नाही,” ती म्हणाली. “आई मेली.”

आठ दिवसांत हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. अण्णांचा हात गालावर थांबला.

“तिला जायचं नव्हतं,” ती म्हणाली.

“तुला काय म्हाईत?”

ती आत गेली आणि कपाटाशेजारच्या खुंटीवरून आईची पिशवी घेऊन आली. द्वारकाबाई गेल्या त्या गुरुवारी, पहाटे छातीत कळ येऊन, दवाखान्याच्या वाटेवर. संध्याकाळी त्या जालन्याला निघणार होत्या. पिशवी बुधवारीच भरलेली होती. प्रियदर्शनीने एक-एक वस्तू खाटेवर मांडली: अंथरायची चादर, वॉर्डातल्या एसीसाठी स्वेटर, फाइल, बिस्किटांचा पुडा, आणि शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीसाठी, प्रेमबाईसाठी, कागदात बांधलेल्या हातच्या शेवया.

“जिला सुटायचं असतं ती बाई शुक्रवारच्या चहाबरोबर खायला बिस्किटं बांधत नाही, अण्णा.”

अण्णांनी वस्तूंकडे पाहिलं. हात लावला नाही. “पिशवी भरायची सवय व्हती तिला,” ते म्हणाले. “अन् हाल व्हते, माय. तू तिला दुपारी गाडीत बसवून द्यायची. उतरल्यावर काय व्हायचं ते मी बघितलं. ओकाऱ्या. अंगाला हात लावू द्यायची न्हाई. ते तू बघितलं का?”

ते तिने पाहिलं नव्हतं. आठ दिवस तिला वाटत होतं की अर्धी गोष्ट अण्णांकडे आहे आणि पुरी आपल्याकडे. ती वस्तू परत पिशवीत भरू लागली, आणि हात कामात असताना तोंडातून निघून गेलं, “आईचं झालं तसं तुमचं होणार नाही. तुम्ही काळजी करू नका. सगळं व्यवस्थित होईल.”

अण्णा हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

“हे कुणाच्या पदरचं गं?” ते म्हणाले आणि दाढीचा राहिलेला गाल पुसून टाकला.

तिने पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

दुपारी तिने फोन उघडला. दोनशेच्या वर निरोप साठले होते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘कधीही न भरून निघणारी हानी’, ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’, आणि प्रत्येकाखाली जोडलेल्या हातांची रांग. त्यांतल्या तिघांनी लिहिलं होतं, ‘आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता समजली.’ दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांसाठी आलेला मजकूर उचलून पुढे ढकललेला होता. ‘वडिलांच्या’ तेवढं बदलायचं राहून गेलं होतं. एकाने तर ‘पिताश्रींचे छत्र हरपले’ म्हणून वर फुलंही वाहिली होती. एरवी तिने ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं असतं. आज ती फोन पालथा ठेवून बाहेर आली आणि अण्णा सतरंजीवर बसलेले आहेत ना, हे बघून आत गेली.

डॉक्टरांना तिने कळवलं नाही. कळवलं नाही हे अण्णांनाही सांगितलं नाही.

दहाव्याचा विधी झाला. अकराव्या दिवशी, रविवारी, हायवेवरून एक पांढरी गाडी शेडसमोर वळली. गाडी चालवत होता तो तिशीचा रजत. मागच्या दाराने त्याची आई उतरली. किरकोळ बांधा, डोक्यावर पदर, लांब बाह्यांचं पोलकं. प्रियदर्शनीने त्यांना ओळखलं आणि ती पुढे झाली. वॉर्डाबाहेर प्रेमबाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. जालन्याच्या मोंढ्यात बियाण्यांचं दुकान असलेल्या मारवाडी घरच्या या बाई चार वर्षं आईच्या शेजारच्या खाटेवर होत्या.

प्रेमबाईंनी तिचा हात धरला, दाबला आणि सोडला. रजत पुरुषांच्या सतरंजीवर अण्णांशेजारी जाऊन बसला. प्रेमबाई बायकांमध्ये, दुर्गाबाईंच्या शेजारी.

“कुठल्या वो तुम्ही?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“जालन्याच्या. द्वारकाबाईंची मैत्रीण मी. तुम्ही दुर्गाबाई ना? टेंभुर्णीच्या? त्या सांगायच्या.”

“हां, मीच. बसा बाई.” दुर्गाबाईंनी लांब श्वास घेतला. प्रियदर्शनीकडे एकदा पाहिलं, पण पाहुणीसमोर गप्प राहणं त्यांच्याने होईना. “काय सांगावं, लई सोसलं. आता सुटली बिचारी. त्या मशीनवर जगण्यापरीस गेलेलं बरं.”

प्रियदर्शनीने तोंड उघडलं. पण प्रेमबाईंनी तिच्याकडे न बघताच आपल्या डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सावकाश वर सारली. आतून हात कुठे फुगला होता, कुठे खचला होता. मनगटापासून वर सुयांच्या खुणांची ओळ, आणि त्यांतल्या दोन ताज्या.

“मग मी काय करू, दुर्गाबाई?” त्यांनी विचारलं. “मी पण त्याच मशीनवर आहे. सहा साल झाले. परवाच लावून आले. मी पण सुटू का?”

पुरुषांच्या बाजूचं बोलणं थांबलं. हायवेवरून एक ट्रक गेला आणि पत्रे थरथरले.

“न्हाई वो बाई,” दुर्गाबाई म्हणाल्या. “तसं न्हाई. तुमचं न्हाई म्हणले मी.”

“माझं नाही, तर कुणाचं? तिचं-माझं एकच होतं. सिस्टर एक, सुई एक, चहा एक.” प्रेमबाईंचा आवाज चढला नव्हता. “माझ्याकडे पण लोक येतात ना. माझ्या तोंडावर म्हणतात, बिचारी कसे दिवस काढते. मी काढत नाही दिवस. मी राहते. माझ्या लेकीला, मोनाला, सातवा महिना चालू आहे, मला तिचं बाळ मांडीवर घ्यायचं आहे. आणि द्वारकाबाई काय म्हणायची माहीत आहे? माझे मालक येणार आहेत आता काही दिवसांनी, त्यांना रक्ताची भीती वाटते, तर तुम्ही त्यांना गोष्टी सांगा, तोवर मी सिस्टरला सुई घालायला सांगते. असं म्हणायची. तिला बिचारी म्हणू नका. माझ्यासमोर तरी बिलकुल म्हणू नका.”

दुर्गाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं, पिळलं, सोडलं. सांगायला काहीतरी हवं होतं आणि नेहमीचं सगळं काढून घेतलेलं होतं.

“माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला मी इथं आले,” मग त्या म्हणाल्या, कुणाकडेच न बघता. “तवा ती नवी नवरी. आमची आई आजारी. सव्वा महिना मला न्हाऊ-माखू घातलं तिनं. एक दिवस मी म्हणले, भाजीला मीठ कमी हाय. तर दुसऱ्या दिवशी ताटात मिठाचा एवढा मोठा ढीग. म्हणली, घ्या वन्सं, पुरं का?” आणि त्या हसायला गेल्या ते रडूच आलं. अकरा दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं असं, आवाज करून, गुडघ्यावर डोकं टेकून त्या रडल्या. प्रियदर्शनी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. ही मिठाची गोष्ट आईने तिला कधी सांगितली नव्हती.

“बाई,” पलीकडच्या सतरंजीवरून अण्णांचा आवाज आला. “एक इचारू का?”

“विचारा भाऊजी.”

“सुई लई दुखती का?”

चार वर्षं, वर्षाला शंभरच्या वर वेळा, ती सुई टोचून घेणारं माणूस याच घरात होतं आणि त्याला हा प्रश्न कधी विचारला गेला नव्हता. प्रियदर्शनीच्या ओठांवर ते आलं. अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तिला दिसलं की तिने सांगायची गरज नाही. तिने ते आतच ठेवलं.

“दुखते,” प्रेमबाई म्हणाल्या. “लोक सांगतील, सवय होते. होत नाही. जाड सुई असते, दोन-दोन. पाच मिनिटं दुखतं, मग थांबतं. मग चार घंटे नुसता कंटाळा. म्हणून बोलायला कुणी पाहिजे.”

“अन् घरी आल्यावर?”

“त्या दिवशी अंगात जान नसते. कुणी हाक मारली तरी राग येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागते.”

अण्णा मान हलवत राहिले. सतरंजीच्या रेघांवर त्यांचं बोट मागे-पुढे फिरत होतं.

“तिलाबी बुधवारी लागायची भूक,” ते म्हणाले. “बुधवारी अन् शनवारी. भाकरी तव्यावर असायची तवाच मागायची. माझ्याआधी जेवायची.” मग ते म्हणाले, “ते कुणालाच सांगितलं न्हाई मी. सगळे हाल-हाल करून राह्यले, मीबी तेच म्हणत बसलो.”

चहा झाला. प्रेमबाईंना मोजूनच प्यायचं होतं. त्यांनी अर्धा कप घेतला. निघताना प्रियदर्शनीने त्यांच्या हातात शेवयांची पुडी दिली. त्यांनी ती उघडून पाहिली नाही, नुसती ओटीत धरली.

गाडी हायवेला लागली. दुर्गाबाई तोंड धुवायला मोरीकडे गेल्या. अण्णा सतरंजीवरून उठले, खांबाला धरून थोडे उभे राहिले आणि लेकीकडे न बघता म्हणाले, “डॉक्टरला कळवलं का तू, नको म्हणून?”

“नाही.”

“मला वाटलंच.” त्यांनी डाव्या हाताची बाही वर करून हात उलटा-सुलटा पाहिला. “शुक्रवारी किती वाजता?”

“नऊला.”

“उपाशी जावं लागतंय का खाऊन?”

ते तिला माहीत नव्हतं. “विचारून सांगते,” ती म्हणाली आणि फोन घ्यायला आत गेली.